स्ट्रिंग तोडावी कशी: इम्युलेटरच्या घरच्या लायब्ररीसाठी एक स्प्लिट

बेळगावच्या टिळकवाडीत बहिणीकडे गेलो की चहा यायच्या आधी भाचा लॅपटॉप घेऊन येतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गेले सहा महिने गेमक्यूब या निन्टेंडोच्या जुन्या गेम-कन्सोलचा इम्युलेटर, म्हणजे त्याचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम, लिहायच्या नादात आहे. गेम अजून एकही सुरू होत नाही. पण चीट कोड वाचायची सोय मात्र त्यानं आधीच करून ठेवली आहे. आधी लगीन कोंढाण्याचं, तसं याचं आधी लगीन चीटचं.

"मामा, कोड बरोबरच आहे, पण ओळ घेतच नाही. बघा की जरा."

ओळ अशी होती:

०४१२३४५६  ०००००००१

मी तीनदा वाचली. आकडे बरोबर, दोन्हीकडे आठ-आठ. मग कर्सर मधल्या जागेत नेला आणि बाणाची कळ दाबली. एकदा दाबून तो पलीकडे गेलाच नाही, दोनदा दाबावी लागली. मधे दोन स्पेस होत्या.

ॲक्शन रिप्ले या चीटच्या उपकरणाचा उघडा, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेला, कोड म्हणजे आठ अंकांचे दोन गट आणि मधे एक स्पेस. भाच्याचं फंक्शन स्पेसपाशी ओळ तोडायचं (यालाच स्प्लिट म्हणतात) आणि विचारायचं: तुकडे बरोबर दोन आहेत का, आणि प्रत्येक आठ लांबीचा आहे का? इथं तुकडे तीन झाले, मधला रिकामा. तीन म्हणजे दोन नव्हे, म्हणून ओळ बाद. तीही गुपचूप, पडद्यावर एक शब्द नाही.

"मग स्प्लिटमध्येच रिकामे तुकडे टाकून देऊ की," तो म्हणाला आणि टंकायलाही लागला.

"काय करुलास? थांब आधी."

त्याला का थांबवलं ते सांगण्यासाठी हा लेख. ज्यांना सी++ थोडंफार येतं, ज्यांनी इम्युलेटर लिहायला किंवा एखाद्या मोठ्या इम्युलेटरचा कोड वाचायला घेतलाय आणि जे युटिलिटीच्या फोल्डरात पहिली रिकामी फाइल उघडून बसलेत, त्यांच्यासाठी. फंक्शनच्या पायऱ्या मी मराठीत लिहितो, कोड तुम्ही आपल्या हातानं टंकायचा. चिकटवलेलं स्प्लिट चालतं, पण डोक्यात राहत नाही.

स्वतःचं लिहायचं कशाला

पायथनमध्ये स्प्लिट आयतं मिळतं, जावामध्ये मिळतं, जावास्क्रिप्टमध्ये मिळतं. सी++ च्या स्ट्रिंगला, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या प्रकाराला, मात्र ते कधी मिळालंच नाही. सी कडून वारशानं आलेलं स्ट्रटॉक आहे. पण ते मूळ स्ट्रिंगमध्येच शून्य बाइट खुपसत जातं, कुठवर आलो हे स्वतःच्या पोटात लपवून ठेवतं, आणि दोन थ्रेडनी एकदम वापरलं तर दोघांचंही वाटोळं. २०२० च्या मानकात रेंजेससोबत तोडण्याची सोय आली, पण बहुतेक इम्युलेटर त्याच्या कितीतरी आधीचे. डॉल्फिन घ्या. गेमक्यूब आणि वी या दोन्ही कन्सोलचे गेम चालवणारा हा इम्युलेटर २००३ साली आला, २००८ मध्ये त्याचा कोड खुला झाला. अशा जुन्या प्रकल्पांत एक 'कॉमन' किंवा 'युटिल' फोल्डर असतो आणि त्यात स्ट्रिंगची घरगुती हत्यारं ठेवलेली असतात: तोडणं, टोकं छाटणं, पाथचे भाग करणं, हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे वाचणं.

डॉल्फिनचं स्प्लिट एकदा उघडून वाचाच. जेमतेम दहा ओळी. स्ट्रिंगला स्ट्रीम करायचं आणि एकेक ओळ वाचणाऱ्या गेटलाइनला 'ओळ संपली' याच्याऐवजी 'हे चिन्ह आलं' म्हणून सांगायचं, एवढीच युक्ती. ॲक्शन रिप्लेचे कोड वाचणारा भाग ते असं वापरतो: आधी स्पेसपाशी तोडून आठ-आठचे दोन तुकडे मिळतात का बघायचं. नाही मिळाले तर तीच ओळ आडव्या रेघेपाशी तोडून चार, चार आणि पाच असे तीन मिळतात का बघायचं, कारण एन्क्रिप्ट केलेले कोड तसे लिहितात. भाच्यानं ही रीत तिथूनच उचलली. रीत चांगलीच आहे.

आधी ठरवा, मग लिहा

मी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो, त्यामुळे मला लेथ दिसतो. चकमध्ये रॉड धरला, पार्टिंग टूलनं दोनदा कापला की तुकडे तीन. टूलच्या जाडीएवढं मटेरियल बुरादा होऊन जातं, ते कुठल्याच तुकड्यात येत नाही. स्ट्रिंगचंही तेच. तोडायचं चिन्ह म्हणजे टूलची जाडी, ते निकालात येत नाही. चार स्वल्पविराम असतील तर तुकडे पाच, एकही नसेल तर एक.

आता ही यादी घ्या, खडेबाजारला जाताना कुणी घाईत लिहिलेली:

तांदूळ,गूळ,,तेल,

स्वल्पविराम चार. लेथच्या हिशेबानं तुकडे पाच: तांदूळ, गूळ, रिकामा, तेल, रिकामा. पायथनला स्वल्पविराम देऊन विचारलं तर तो पाचच सांगतो, जावास्क्रिप्टही पाच. जावाचं साधं स्प्लिट शेवटचे रिकामे झाडून टाकतं, म्हणून चार. गेटलाइनवालं स्प्लिटही चार सांगतं, पण कारण वेगळं: शेवटच्या चिन्हानंतर स्ट्रीममध्ये काही उरलेलंच नसतं. फरक बघायचा तर शेवटी दोन स्वल्पविराम द्या. 'तेल,,' वर जावा एक तुकडा देईल, गेटलाइन दोन, पायथन तीन. आणि स्ट्रटॉक वरच्या पूर्ण यादीचे तीनच तुकडे करेल, कारण लागून आलेली चिन्हं ते एकच समजतं.

यातलं कुठलंच चूक नाही. प्रत्येकानं वेगळा करार केलाय. तुमचा करार कोणता हे फाइलच्या डोक्यावर दोन ओळींत लिहा आणि मगच पुढं चला.

माझा सल्ला: मूळ स्प्लिटनं रिकामे तुकडे ठेवावेत, मधलेही आणि शेवटचेही. हा सल्ला पुस्तकातला नाही, अंगाशी आलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी मी मापांची फाइल वाचणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक ओळीत भाग क्रमांक, व्यास, लांबी, शेरा. माझं स्प्लिट रिकामे तुकडे गाळायचं, मला ते स्वच्छ वाटायचं. एका पाळीत कुणीतरी व्यासाची जागा मोकळी ठेवली, बहुधा गेज मिळाला नसेल. झालं, लांबी सरकून व्यासाच्या रकान्यात आली आणि चांगला माल अर्धा दिवस बाद म्हणून बाजूला ठेवला गेला. चूक त्या माणसाची नव्हती. त्यानं रिकामी जागा सोडून 'मोजलं नाही' असं स्पष्ट सांगितलं होतं, माझ्या प्रोग्रामनं ते पुसलं.

एक कोपरा राहिला. पूर्ण रिकामी स्ट्रिंग तोडली तर काय मिळावं? शून्य लांबीचा एक तुकडा, की तुकडाच नाही? पायथन स्वल्पविरामानं तोडताना एक रिकामा तुकडा देतो, गेटलाइनवालं काहीच देत नाही. मी एक देतो, म्हणजे 'चिन्हं अधिक एक' हा हिशेब कुठंच मोडत नाही. तुम्ही उलट ठरवलंत तरी चालेल, फक्त ठरवा.

लूप

कोड पाच-सहा ओळींचा, पण त्यात खड्डे आहेत.

सुरुवात = ०
फिरत राहा:
    जागा = चिन्ह शोध, सुरुवातीपासून पुढं
    सापडलं नाही तर: सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा तुकडा यादीत टाक, बाहेर पड
    सुरुवातीपासून (जागा − सुरुवात) इतक्या लांबीचा तुकडा यादीत टाक
    सुरुवात = जागा + १

पहिला खड्डा लांबीचा. स्ट्रिंगचा तुकडा काढून देणाऱ्या सी++ च्या सबस्ट्रला दुसरा आकडा लागतो तो लांबीचा, शेवटच्या जागेचा नव्हे. जावा किंवा पायथनमधून आलेली मुलं तिथं 'जागा' देतात. पहिला तुकडा तरीही बरोबर येतो, कारण सुरुवात शून्य असते. दुसऱ्यापासून तुकडे लांबत जातात. एकच स्वल्पविराम असलेली ओळ घेऊन चाचणी केली असेल तर हे कळतच नाही.

दुसरा खड्डा 'सापडलं नाही' चा. शोधूनही चिन्ह मिळालं नाही तर फाइंड उणे एक देत नाही, एनपॉस देतं. हा त्या प्रकारात मावणारा सगळ्यात मोठा आकडा: ६४ बिटच्या यंत्रावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५. त्यात एक मिळवला की आकडा फिरून शून्यावर येतो. म्हणजे तुम्ही तपासणी विसरलात तर शेवटच्या तुकड्यानंतर सुरुवात परत शून्य, लूप परत पहिल्यापासून, यादी फुगत जाते आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो. भाच्याच्या लॅपटॉपचा असा आवाज मी बाहेरच्या खोलीतून ओळखतो.

तिसरी गोष्ट खड्डा वाटते, पण आहे सोय. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम असेल तर शेवटच्या फेरीत सुरुवात बरोबर स्ट्रिंगच्या लांबीइतकी होते. तिथून सबस्ट्र मागितलं तर ते बिनतक्रार रिकामी स्ट्रिंग देतं, एकनं पुढं गेलात तरच अपवाद फेकतं. त्यामुळे शेवटच्या रिकाम्या तुकड्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

तोडायचं चिन्ह एका बाइटाचं असेल तोवर 'जागा + १' ठीक. चिन्ह म्हणून आख्खी स्ट्रिंग घ्यायची असेल तर तिथं चिन्हाची लांबी मिळवा, आणि रिकामं चिन्ह आलं तर दारातूनच परत पाठवा. रिकामी स्ट्रिंग कुठंही लगेच 'सापडते', सुरुवात पुढं सरकत नाही, आणि पंखा पुन्हा सुरू.

टोकं छाटणं वेगळं ठेवा

'तांदूळ, गूळ' असं लिहिलं तर दुसरा तुकडा स्पेससकट येतो. स्प्लिटमध्येच छाटायचा मोह होतो. नको. छाटणीचं फंक्शन वेगळं लिहा आणि जिथं लागेल तिथं बोलवा. गेमचं नाव, पासवर्ड, चीटवरची टीप, यांत कधी कुठली स्पेस कुणाला हवी असेल सांगता येत नाही.

छाटणीत मराठी माणसाला हमखास लागणारी ठेच सांगतो. एखादा बाइट पांढरी जागा आहे का, हे इसस्पेस सांगतं. ते फंक्शन ० ते २५५ मधल्या आकड्याची अपेक्षा करतं. पण आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रावर एक बाइट ठेवणारा साधा कॅर हा उणे आकडेही धरणारा प्रकार असतो, आणि देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा, म्हणजे तिथं उणे. इंग्रजी नावांवर महिनाभर छान चाललेला प्रोग्राम 'निपाणी' दिसताच डीबग बिल्डमध्ये कोसळू शकतो. इसस्पेसला देण्याआधी बाइट अनसाइन्ड करून घ्या, एवढाच उपाय. कन्नड नावांनाही हाच नियम.

ओळीच्या शेवटाचंही इथंच उरका. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळ दोन बाइटांनी संपते: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. तीच फाइल लिनक्सवर गेटलाइननं वाचली की कॅरेज रिटर्न शेवटच्या तुकड्याला चिकटून राहतो. पडद्यावर तो दिसत नाही, पण आठ लांबीचा तुकडा नऊचा होतो आणि चीट परत बाद. तोडण्याआधी ओळीची टोकं छाटलीत तर हे आपोआप जातं.

फाइलच्या अगदी तोंडाशी कधी आणखी तीन बाइट बसलेले असतात: २३९, १८७, १९१. हा बीओएम, फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये आहे असं सांगणारी खूण. नोटपॅड पूर्वी यूटीएफ-८ साठी तो घालायचाच, २०१९ च्या विंडोज १० पासून आपणहून घालत नाही, पण जुन्या फाइली फिरतात. लक्षण ठरलेलं: सेटिंगच्या फाइलमधला फक्त पहिला सेक्शन गायब, बाकी सगळे जागेवर. पहिली ओळ चौकटी कंसानं सुरू होतेय असं तुम्हाला दिसतं, प्रोग्रामला दिसत नाही. डॉल्फिनच्या आयएनआय, म्हणजे सेटिंगच्या फाइली, वाचणाऱ्या कोडमध्ये हे तीन बाइट ओलांडायची ओळ मुद्दाम घातलेली आहे.

पहिल्याच 'बरोबर' पाशी थांबा

सेटिंगची ओळ म्हणजे नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. नवखा माणूस ती बरोबरपाशी तोडतो, दोन तुकडे आले का बघतो आणि पुढं जातो. मग कुणीतरी किंमतीतच बरोबरचं चिन्ह असलेली ओळ देतो:

टीप = वेग=दुप्पट, रात्री वापरू नये

तुकडे तीन. इथं स्प्लिट हे चुकीचं हत्यार आहे. पहिलं चिन्ह शोधा, डावीकडचं नाव, उजवीकडचं सगळं किंमत, मग दोन्हीची टोकं छाटा. हे इतक्या वेळा लागतं की 'एकदाच तोड' असं छोटं फंक्शन लिहून ठेवा. चिन्ह सापडलंच नाही तर ते काय सांगणार हेही ठरवा. मी यश-अपयश वेगळं परत देतो, कारण 'किंमत रिकामी आहे' आणि 'ओळीत बरोबरच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोल्डरांची यादी एका ओळीत ठेवायची असेल तर लिनक्सवर विसर्गासारखा कोलन चालतो, विंडोजवर नाही, कारण तिथं ड्राइव्हच्या अक्षरापुढंच कोलन असतो. म्हणून विंडोज अर्धविराम वापरतं. दोन्हीकडे चालेल असा इम्युलेटर लिहिताना ही यादी एका ओळीत कोंबूच नका, एका ओळीला एक फोल्डर द्या. डोकेदुखी तिथंच संपते.

जपानी शीर्षकं, आणि आपली

इथं जरा बसून वाचा. कन्सोल इम्युलेटरचं स्प्लिट आणि चारचौघांचं स्प्लिट वेगळं होतं ते इथंच.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. 'बेळगाव' या शब्दात ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. स्वल्पविराम एका बाइटाचा, ४४. यूटीएफ-८ ची रचनाच अशी की १२८ पेक्षा लहान बाइट कधीच दुसऱ्या अक्षराच्या पोटात येत नाही. त्यामुळे मराठी, कन्नड, जपानी काहीही असो, स्वल्पविरामापाशी, बरोबरपाशी, तिरप्या रेघेपाशी बिनधास्त तोडा. अक्षर फाटणार नाही.

फाटतं ते मोजून तोडताना. पडद्यावर १६ बाइटांची जागा आहे म्हणून पहिले १६ घेतले, तर 'बेळगा' चे १५ आणि 'व' चा एक तृतीयांश हातात येतो. तिथं एक प्रश्नचिन्हाची चौकट दिसते. आणि पूर्णविरामाचा दंड '।' वापरून तोडायचा म्हणाल तर तोही तीन बाइटांचा आहे: २२४, १६५, १६४. एका कॅरमध्ये मावत नाही, स्ट्रिंग म्हणूनच द्यावा लागतो.

आता जपानी बाजू. गेमक्यूबच्या जपानी डिस्कवरची शीर्षकं यूटीएफ-८ मध्ये नसतात, शिफ्ट-जिस या जपानी एन्कोडिंगमध्ये असतात. त्यात बऱ्याच अक्षरांना दोन बाइट लागतात आणि दुसरा बाइट ६४ पासून पुढं जवळजवळ कुठलाही असू शकतो. काताकाना या जपानी लिपीतला 'सो' बघा: १३१, ९२. हा ९२ म्हणजेच विंडोजच्या पाथमधली उलटी तिरपी रेघ. शीर्षकात 'सो' आला, त्या शीर्षकाचा फोल्डर केला आणि पाथ उलट्या रेघेपाशी तोडला की अक्षराचे दोन तुकडे आणि नसलेला एक फोल्डर. जपानी प्रोग्रामर अशा अक्षरांना 'दामेमोजी' म्हणतात, निकामी अक्षरं. उभी रेघ १२४, तीही त्याच पट्ट्यात. स्वल्पविराम, स्पेस आणि बरोबर ६४ च्या खाली आहेत, म्हणून ते वाचतात. पण असल्या नशिबावर विसंबू नका. डिस्कवरून आलेली स्ट्रिंग आधी यूटीएफ-८ मध्ये बदला, मगच तिला हत्यार लावा. उलट क्रमानं केलेलं नंतर जोडता येत नाही.

आमच्या भागात एकाच गावाची पाटी तीन लिप्यांत असते आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं इंग्रजी स्पेलिंगही अधिकृतपणे बदललं. एकाच फाइलमध्ये तिन्ही नावं तिरप्या रेघेनं तोडून ठेवायची सवय इथल्या मुलांना आपसूक असते. चाचणीसाठी अशी ओळ वापरा, इंग्रजी नावांपेक्षा ती जास्त चुका पकडते.

जिथं चिन्हच नाही

गेमक्यूबच्या गेमचा ओळख क्रमांक सहा अक्षरांचा असतो. उदाहरणार्थ जी, ए, एल, ई, शून्य, एक. पहिलं अक्षर कन्सोलचं, पुढची दोन गेमची, चौथं प्रदेशाचं (ई म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान, पी म्हणजे युरोप), शेवटची दोन प्रकाशकाची, ०१ म्हणजे निन्टेंडो. 'केए २२' वाचून गाडी बेळगावची आणि 'केए २३' वाचून चिकोडीची हे जसं जागेवरून कळतं, तसंच. इथं स्प्लिट शोधू नका. लांबी सहा आहे का तपासा आणि जागेवरून उचला.

तुकडे हेक्स आकड्यांत बदलताना एकच काळजी: आख्खा तुकडा वापरला गेला का ते बघा. सी++ ची जुनी फंक्शनं, मुद्दाम विचारलं नाही तर, अर्धा आकडा वाचून उरलेला कचरा मुकाट सोडून देतात. २०१७ च्या मानकातलं फ्रॉम-कॅर्स कुठं थांबलं ते सांगतं, ते घ्या.

वेग, आणि पत्त्याची गोष्ट

स्प्लिट हळू चालतं म्हणून रडणारे बरेच भेटतात. सेटिंगची फाइल एकदा वाचायची, तिथं वेगाचा प्रश्नच नाही. एका सेकंदात ६० फ्रेम म्हटलं तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. त्या लूपमध्ये स्ट्रिंग तोडायची वेळ आली असेल तर चूक स्प्लिटची नाही. कोड आधीच तोडून, आकडे करून ठेवायला हवे होते.

तरी २०१७ पासून स्ट्रिंग-व्ह्यू आहे. तो तुकड्याची नक्कल करत नाही, मूळ स्ट्रिंगमधला पत्ता आणि लांबी ठेवतो. छान आहे, पण पत्ता हा पत्ताच. घर पाडलं तरी चिठ्ठीवर तो तसाच राहतो. फंक्शननं नुकतीच बनवून दिलेली स्ट्रिंग तुम्ही त्याच ओळीत तोडली आणि व्ह्यूंची यादी ठेवून दिली, तर पुढच्या ओळीला मूळ स्ट्रिंग गेलेली असते. वाईट म्हणजे बऱ्याचदा ते काही काळ चालतंही. पहिली आवृत्ती नक्कल करणाऱ्या स्ट्रिंगचीच लिहा.

गंमत म्हणून: जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत १५ बाइटांपर्यंतची स्ट्रिंग वेगळी मेमरी न मागता स्वतःतच मावते. 'गोकाक' पाच चिन्हांचं, बरोबर १५, मावतं. 'निपाणी' १८, मावत नाही.

चाचण्या, आणि ती ओळ

फंक्शन लिहायच्या आधी या ओळी चाचणीच्या फाइलमध्ये टाका: पूर्ण रिकामी स्ट्रिंग, एकच चिन्ह, चिन्ह नसलेली ओळ, सुरुवातीला चिन्ह, शेवटी चिन्ह, मधे दोन लागून, आणि तीन लिप्यांतलं गाव. प्रत्येकीपुढं अपेक्षित तुकडे हातानं लिहा. हातानं लिहिताना कुठं अडखळलात, तिथं करार ठरलेला नाही असं समजा. गूगल टेस्ट वापरा किंवा साधं ॲसर्ट, इतक्या छोट्या कामाला दोन्ही सारखंच.

भाच्याच्या ओळीचं आम्ही असं केलं. मूळ स्प्लिटला हात लावला नाही. शेजारी दुसरं फंक्शन ठेवलं, नावातच 'रिकामे वगळून' असं. ते मूळ स्प्लिटला बोलवतं आणि रिकामे तुकडे गाळतं. खरे-खोटे सांगणारा तिसरा आर्ग्युमेंट त्याला हवा होता, मी नको म्हटलं. सहा महिन्यांनी बोलावणाऱ्या ओळीत नुसतं 'खरं' वाचून कुणाला काय कळणार? चीट वाचणारा भाग नवीन फंक्शन वापरतो, कारण तिथं दोन स्पेसला काही अर्थ नाही. बाकी सगळे जुनंच वापरतात.

आणि गुपचूप बाद करणं बंद केलं. ओळ नाकारली तर किती तुकडे मिळाले, प्रत्येकाची लांबी किती आणि त्यातले बाइट कोणते हे आकड्यांत छापायचं, अशी ओळ घालायला लावली. त्यानं तोंड वाकडं केलं, पण घातली.

चार दिवसांनी रात्री फोन आला. मित्रानं चॅटवर पाठवलेला कोड परत घेतला जात नव्हता. मी विचारायच्या आधी तोच म्हणाला, "मामा, एकच तुकडा आलाय, लांबी १८. मधे १९४ आणि १६० दिसतंय. ही स्पेस नाहीच की."

नव्हतीच. ती न तुटणारी स्पेस होती, यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटांची, दिसायला हुबेहूब. तिचं काय करायचं ते त्यानं विचारलं नाही, फोन ठेवून दिला.